निक्षेप की दान?

गेली वीस वर्षे बेळगावच्या न्यायालयात वकिली करताना माझा बराचसा काळ एकाच प्रश्नाची निरनिराळी रूपे पाहण्यात गेला आहे. तो प्रश्न असा, की एकदा दिलेली वस्तू परत मागता येते काय? कोणी जमीन कसायला दिलेली असते, कोणी दागिना सांभाळायला दिलेला असतो, कोणी भावाला मुखत्यारपत्र लिहून दिलेले असते. पुढे देणाऱ्याला ते परत हवेसे वाटते आणि उभय पक्ष आमच्या पायऱ्या चढू लागतात. देणारा म्हणतो, ‘मी ठेवायला दिले होते.’ घेणारा म्हणतो, ‘मला देऊन टाकले होते.’ सारा वाद या दोन वाक्यांमधल्या फटीत मावतो. १८७२ च्या करार कायद्याने या ठेवण्याला एक स्वतंत्र प्रकरणच दिले आहे, आणि आपल्या मनूनेही अठरा व्यवहारपदे मोजताना निक्षेपाला दुसरे स्थान दिले आहे. निक्षेपात वस्तूचा ताबा जातो, स्वामित्व जात नाही. दानात दोन्ही जातात. हा भेद विद्यार्थिदशेत मी पाठ केला होता. परंतु तो माणसाच्या अंगच्या कर्तृत्वालाही लागू पडतो, हे मला एका मोटारगाडीने शिकविले.

ती गाडी माझ्या भाच्याची. तो अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरी करतो. तेथे त्याने जुन्या बाजारातून व्होल्व्हो २४० ही स्वीडिश गाडी घेतली. १९७४ पासून १९९३ पर्यंत निघत असलेली ही चौकोनी, साधी आणि दणकट गाडी पाश्चात्त्य देशांतील हौशी लोकांना अद्याप प्रिय आहे. भाच्याच्या गाडीला स्वयंचलित गिअर होते, आणि ते उत्तम चालत होते. यावर मी भर देतो, कारण पुढल्या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यात आहे. नादुरुस्त वस्तू काढून टाकण्यात तात्त्विक प्रश्न उद्भवत नाही. या मुलाने चांगला चालणारा स्वयंचलित गिअरबॉक्स काढून त्या जागी हाताने बदलायचा, पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसविला.

काम सोपे नव्हते. स्वयंचलित गाडीत एंजिन आणि गिअर यांच्या मध्ये तेलाने भरलेले एक गोल पात्र असते. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. एंजिनची शक्ती त्यातील तेलाच्या घुसळणीतून पुढे जाते, म्हणून गाडी उभी असली तरी एंजिन बंद पडत नाही. ते पात्र आणि त्यामागची पातळ पोलादी चकती काढून तेथे जड फ्लायव्हील व क्लच बसवावे लागतात. एंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकाशी एक लहानसे बेअरिंग ठोकावे लागते. चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टचे माप जुळवावे लागते. पायाशी असलेले रुंद ब्रेकचे पेडल काढून तेथे अरुंद ब्रेक आणि त्याच्या डावीकडे क्लच, अशी नवी मांडणी करावी लागते. एवढे करून किल्ली फिरविली तरी गाडी सुरू होत नाही! कारण स्वयंचलित गाडीत असा एक स्विच असतो, की दांडी ‘पार्क’ अथवा ‘न्यूट्रल’वर असल्याखेरीज तो एंजिन सुरू होऊ देत नाही. गिअरबॉक्स गेला, त्यासोबत तो स्विचही गेला. म्हणून त्याच्या तारांची काही तरी व्यवस्था लावावी लागते. या तारा वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवाव्यात. भाच्याने भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीतून सारे भाग मिळविले, सहा शनिवार-रविवार खपून ते बसविले, आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च करून ती पहिल्यापेक्षा चालवायला अवघड करून ठेवली.

आपल्याकडे त्याने असा घाट घातला असता, तर प्रथम कायद्याची वाट अडली असती. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडक रीतीने लावले आहे. मी त्याला तसे लिहिले, आणि त्याबरोबर थोडी चेष्टाही केली. गिअरची कटकट कमी करण्यासाठी शहाण्या माणसांनी केवढे कष्ट घेतले! प्रारंभीच्या गाड्यांत दर वेळी क्लच दोनदा दाबून एंजिनचा वेग कानाने जुळवावा लागे. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणून तो त्रास हलका केला. पुढे १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक बसविला आणि क्लचचे पेडलच नाहीसे केले. आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या शंभर नव्या गाड्यांत हातगिअरची जेमतेम एखाददुसरी असते. ‘पाटा-वरवंट्यासाठी मिक्सर मोडीत काढणाऱ्या माणसाला आम्ही काय म्हणतो, ते तुला ठाऊक आहे,’ असे मी त्याला लिहिले.

त्याचे उत्तर गंभीर होते. ‘मामा,’ त्याने लिहिले, ‘जुन्या गाडीत मी नुसता बसलेला असे. चढ आला हे मला एंजिन सांगत नसे. ते परस्पर गिअरबॉक्सला सांगत असे. आता ते मला सांगते. बाबांनी चोर्ल्याच्या घाटात मला गाडी शिकविली, तेव्हा त्यांनी रेडिओ बंद ठेवून आवाज ऐकायला लावले होते. ते ऐकणे माझ्याकडून गेले होते. ते मी परत घेतले.’

‘परत घेतले’ हा शब्दप्रयोग वाचून मी थबकलो. वकिलाच्या कानाला तो लगेच खटकतो. परत घेतले म्हणजे पूर्वी दिले होते; मग दिले ते कोणत्या नात्याने?

भाच्याच्या भूमिकेवर एक आक्षेप सहज घेता येतो. माणसाचे मोठेपण सर्व काही स्वतःच्या हातांनी करण्यात आहे, असे आपल्या परंपरेने मानलेले नाही. कठोपनिषदातल्या प्रसिद्ध रूपकात शरीर रथ आहे, बुद्धी सारथी आहे, मन लगाम आहे. आणि आत्मा कोण, तर रथी. लगाम धरणारा तो नव्हेच. काम सोपविणे हे स्वामित्वाचे लक्षण असू शकते. न्यायमूर्ती निकालपत्र टंकलिखित करीत नाहीत, म्हणून निकाल त्यांचा नाही असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्याकरवी जो करतो तो स्वतःच करतो, हे कायद्याचे जुनेच सूत्र आहे.

परंतु या आक्षेपात एक गृहीतक दडलेले आहे. सारथी चुकला तर रथीला ते कळले पाहिजे, आणि वेळ आली तर लगाम हाती घेता आला पाहिजे. ती शक्ती रथीपाशी उरली नसेल, तर तो रथी नसून रथातले ओझे आहे. १ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ माणसे प्राणास मुकली. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने काही काळ तुंबल्या. तेवढ्याने स्वयंचालक यंत्रणेने आपले काम सोडले आणि विमान वैमानिकांच्या स्वाधीन केले. विमान पंखांवर तोलले जाण्याच्या स्थितीतून बाहेर गेले आहे, हे त्यांना अखेरपर्यंत उमगले नाही, असे फ्रेंच अन्वेषकांच्या २०१२ च्या अहवालातून दिसते. त्या दुर्दैवी माणसांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मला त्यात दिसते ते एवढेच, की ठेव सांभाळणाऱ्याने मध्यरात्री अकस्मात दार ठोठावून ठेव परत केली, आणि ती घ्यायला हात तयार नव्हते. ब्रिटनचा कायदा ही गोष्ट फार साध्या रीतीने ओळखतो. तेथे स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिलेल्या माणसाला हातगिअरची गाडी चालविण्याचा परवाना मिळत नाही. जे तू कधी केले नाहीस ते तुझे नाही, असे तो परवाना सांगतो.

एवढ्यावर मी भाच्याच्या बाजूने निकाल देऊन मोकळा झालो असतो. परंतु या खटल्यात आणखी एक पक्षकार होता, आणि त्याचे म्हणणे अद्याप ऐकले गेले नव्हते. तो म्हणजे भाच्याचे वडील, माझे दाजी.

दाजी एके काळी उत्तम चालक होते. बेळगावहून पणजीला जाताना ते अ‍ॅम्बॅसडर गाडी असा तोल सांभाळून घाटातून उतरवीत, की मागे बसलेल्या आजीच्या हातातला चहा सांडत नसे. २०११ साली ते जिन्यावरून पडले आणि त्यांचा डावा घोटा कायमचा आखडला. क्लच दाबणे संपले, गाडी चालविणे संपले. पुढली तीन-चार वर्षे मी त्यांना पाहत होतो. बाजारहाट, देऊळ, दवाखाना, सर्वत्र कोणी तरी नेईल तेव्हा जायचे. वाट पाहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते त्यांना शिकावे लागले. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ गाडीत क्लच-पेडल नसलेला गिअर थोडक्या किमतीत आणला. त्यात गिअरबॉक्स हातगिअरचाच असतो, क्लचही असतो, फक्त तो दाबण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारे एक यंत्र करते. दाजींनी ती गाडी घेतली. पहिल्या दिवशी अक्काला शेजारी बसवून ते एकटे शहापूरपर्यंत जाऊन आले, आणि परतल्यावर काही न बोलता बराच वेळ अंगणात गाडी पुसत राहिले. ज्या यंत्राला माझा भाचा आपले काही तरी हिरावून घेणारे समजत होता, त्याच यंत्राने त्याच्या बापाला त्याचे हिरावलेले परत केले होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात अक्का आणि दाजी मुलाकडे गेले. मुलाने मोठ्या अभिमानाने गाडी दाखविली. बापाने शिकविलेल्या विद्येला दिलेली ती मानवंदना होती, आणि दाजींना ती कळलीही. परंतु ती गाडी त्यांना चालविता येणारी नव्हती. मुलाच्या मनात हा विचार शिवलाही नव्हता.

एके दुपारी मुलगा घरात काही आणायला गेला असता दाजी गाडीत जाऊन बसले. उकडत होते. काचा खाली घेण्यासाठी त्यांनी किल्ली फिरविली, आणि सवयीने ती शेवटच्या खाचेपर्यंत गेली. हातगिअरची गाडी उभी करताना पहिल्या गिअरमध्ये ठेवण्याची पद्धत असते, तशी ती ठेवलेली होती. हातब्रेक ओढलेला नव्हता. आणि त्या स्विचच्या तारा, ज्या मी लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या, त्या भाच्याने सरळ एकमेकींना जोडून टाकलेल्या होत्या. म्हणजे गिअरमध्ये असतानाही एंजिन सुरू होऊ शकत होते. गाडीने हिसका देऊन दोन हात पुढे उडी मारली. समोर शेजाऱ्यांच्या मुलाची तीन चाकांची सायकल होती. ती बंपरखाली चेपली. मुलगा पाच मिनिटांपूर्वी जेवायला घरात गेला होता.

त्या पाच मिनिटांसाठी आम्ही सर्वजण कोणाचे ऋणी आहोत, हे मला ठाऊक नाही. अक्काने हे मला सांगितले तेव्हा तिचा आवाज कापत होता. बापलेक मात्र दोन दिवस एकमेकांशी न बोलता जेवत होते, आणि प्रत्येक जण मनातून स्वतःलाच दोषी धरीत होता.

न्यायालयात हे प्रकरण आले असते तर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकलो असतो. दाजींविरुद्ध म्हणता आले असते, की किल्लीला हात लावण्यापूर्वी दांडी हलवून पाहणे हा चालकाचा पहिला धडा. तो त्यांनीच मुलाला शिकविला आणि सोयीच्या गाडीत बसून स्वतः विसरले. भाच्याविरुद्ध म्हणता आले असते, की जी वस्तू जगाला निरुपद्रवी म्हणून ठाऊक आहे, तिच्यातली सुरक्षा काढून घेऊन ती पूर्ववत दिसेल अशी उभी करणे हा इतरांशी केलेला विश्वासभंग आहे. १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने डोनाहू आणि स्टीव्हन्सन यांच्या खटल्यात ‘कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न विचारला आणि उत्तर दिले, की माझ्या कृतीने ज्याला इजा होईल हे मला आधी ध्यानात यायला हवे, तो माझा शेजारी. येथे तर शेजारी शब्दशः शेजारी होता, आणि अवघ्या चार वर्षांचा होता.

परंतु विचार केला तेव्हा मला दोघांच्या दोषांचे मूळ एकच दिसले. करार कायद्याच्या १५१ व्या कलमाप्रमाणे ज्याच्यापाशी ठेव असते त्याच्यावर, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेण्याचे बंधन असते. म्हणजे आपण ठेव देतो तेव्हा वस्तूबरोबर तिची काळजीही देतो. ती परत घेताना काळजीही परत घ्यावी लागते. यंत्र भाच्यासाठी दोन कामे करीत होते. एक गिअर बदलण्याचे, आणि दुसरे रखवालीचे. पहिल्यात आनंद होता, ते त्याने परत घेतले. दुसऱ्यात आनंद नव्हता. ते त्याने यंत्राकडून काढून घेतले, परंतु स्वतःही घेतले नाही. ते दोन तारांच्या गाठीत बेवारस पडून राहिले. आणि दाजींच्या बाबतीत याच्या उलट झाले. यंत्राला त्यांनी पायाचे काम दिले होते, कारण पाय चालत नव्हता. त्याबरोबर दांडी तपासण्याची दक्षताही नकळत निघून गेली, जी देण्याचे काही कारण नव्हते. पाय त्यांनी ठेवला होता. दक्षता देऊन टाकली गेली होती.

तिसऱ्या दिवशी भाच्याने त्या तारा सोडविल्या आणि क्लचच्या पेडलाशी नवा स्विच बसविला. आता क्लच पूर्ण दाबल्याखेरीज गाडी सुरू होत नाही. हेच प्रथमपासून करायला हवे होते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की डावा घोटा आखडलेल्या माणसाला ती गाडी सुरूसुद्धा करता येईनाशी झाली. मुलाने हे बापाला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. दाजी म्हणाले, ‘बरोबर केलेस. तुझी गाडी आहे. मी शेजारी बसेन.’ आणि पुढले दोन महिने ते शेजारी बसले. अक्का सांगते, की चढ आला म्हणजे ते खिडकीबाहेर पाहत हलकेच ‘आता’ म्हणत, आणि त्याच क्षणी मुलाचा हात दांडीवर गेलेला असे.

या प्रकरणातून मला जे वाटते ते असे. कष्ट वाचविणे हा अधःपात नव्हे, आणि कष्ट पत्करणे हे पुण्यही नव्हे. एकादशी ज्याने धरली त्याने ती करावी. घरातल्या आजाऱ्याचे ताट झाकून ठेवण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. स्वतःच्या हाताने करण्यात ज्यांना गोडी आहे, त्यांना ज्यांचे हातपाय चालत नाहीत अशांविषयी तुच्छता वाटू लागते, हा धोका खरा आहे. आपल्या कायद्याने अपंगांसाठी ‘अनुकूलित वाहना’ची तरतूद करून फेरफाराच्या बंदीला वाट ठेवली आहे, त्या वाटेत शहाणपण आहे. परंतु यंत्रांना आपण दररोज काही ना काही सोपवीत चाललो आहोत. वाट लक्षात ठेवणे, हिशेब करणे, पत्र लिहिणे, आणि आता विचाराची मांडणी करणेही. त्या प्रत्येक वेळी ‘हे मी ठेवायला देत आहे, की देऊन टाकीत आहे?’ असे एकदा तरी विचारले पाहिजे. देऊन टाकण्यासारखेही पुष्कळ असते. पाटा-वरवंटा मी खुशाल देऊन टाकीन. परंतु ज्याच्या चुकीसाठी उद्या मलाच उत्तर द्यायचे आहे, ते मी दान देऊ शकत नाही, कारण उत्तरदायित्व घेणारा यंत्रात कोणीच नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर दाजींबरोबर मी पणजीला गेलो. गाडी तेच चालवीत होते. चोर्ल्याचा उतार लागला तेव्हा त्यांनी गिअरची दांडी हलवून ती हाताच्या ताब्यात घेतली. त्या गाडीला तशी सोय आहे, पण ती कोणी फारशी वापरीत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांचा जुना नियम. एंजिन गुरगुरत गाडीला आवरून धरीत होते आणि ब्रेकला क्वचितच पाय लागत होता. साखळीच्या बाजूला सपाट रस्ता लागल्यावर त्यांनी दांडी पुन्हा पहिल्या जागी सरकविली आणि काम यंत्राकडे दिले.

‘अमेरिकेहून आल्यापासून असे करतो,’ ते म्हणाले. ‘घाटापुरते मागून घेतो.’